गाडीची उंची

गेल्या महिन्यात वळणावर बाबांची गाडी फुटपाथवर चढली आणि शाळेतून येणारी एक मुलगी थोडक्यात वाचली. ब्रेकच लागला नाही, असं बाबांनी घरी ठासून सांगितलं. सत्तरी उलटली तरी स्टिअरिंग सोडायला ते तयार नव्हते.

अशात मुलगाच त्यांना टायरच्या दुकानात घेऊन आला, तेव्हा ते चकित झाले. "बाबा, टायर, रिम सगळं मोठं घेऊ. डोंगरातसुद्धा नेता येईल आपली गाडी," तो म्हणाला. बाबा खुलले. टायरच्या जाड खाचांवरून बोटं फिरवत त्यांनी दुकानदाराला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. शेवटी तसेच टायर लावलेल्या, दारात उभ्या असलेल्या एका गाडीत ते चढून बघायला गेले. गुडघे कुरकुरले, धाप लागली, पण चढले.

काच खाली होती. मागे मुलगा बायकोशी फोनवर हळू आवाजात बोलत होता.

"किल्ली मागितली की जेवण सोडतात गं. म्हणून गाडीच उंच करून टाकतो. चढताच आलं नाही, तर चालवणार कशी? पुन्हा कुणाचं लेकरू आडवं आलं तर..."

बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग एकदा घट्ट धरलं आणि सोडलं. मग ते दाराला धरत सावकाश खाली उतरले आणि त्यांनी दुकानदाराला हाक मारली.



"याहून मोठे दाखवा. यात मला अजून चढता येतंय."