पेवातला उजेड

पेवाच्या तोंडावरची फरशी सरकवून कडूबा काठावर बसले. अंगणातल्या त्या जमिनीखालच्या कोठारात दोन वर्षांची ज्वारी होती. खालून आंबूस वास आला.

"आज मोकळं राहू द्या. उद्या उतरू," ते म्हणाले आणि लेकीनं दिलेला चहा तोंडाला लावला. "साखर धाड गावच्या बाजारातच इसरली का माय?" नावं ठेवत दोन कप प्याले. निशिगंधा हसली.

सकाळी, उतरण्याआधी, रिवाजाप्रमाणे पेटता कंदील खाली सोडायचा होता. कंदील होता, रॉकेल गावात कुठंच मिळेना. कडूबांनी दोरीला बॅटरी बांधून सोडली. तळातली ज्वारी लख्ख दिसली.

"इझला का उजेड? नाही ना? मंग!"

कंदील उजेडासाठी नसतो, हवेसाठी असतो; खाली हवा नसली की तो विझतो. निशिगंधा शाळेत मुलांना हेच शिकवायची. पण परवाच तिनं चारचौघांत कडूबांची चूक काढली होती, अन् ते दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते. आताही शेजारचे शेषराव उभे होते.

"जपून उतरा, आबा," एवढंच ती म्हणाली.

"गार हाये," खालून आवाज आला. मग उगाचच हसू. "शेखर, टोपलं सोड बे... टोपलं..."

टोपलं त्यांच्या हातातच होतं. ते खाली ठेवताना हात भलतीकडेच गेला. खोकला नव्हता, धाप नव्हती. आपल्याला काही होतंय हे त्यांना कळतच नव्हतं. झोप अनावर व्हावी तसे ते ज्वारीवर बसले आणि कलंडले.

शेखर शिडीकडे धावला. निशिगंधानं धाकट्या भावाला मागून कवेत धरलं.

"सोड मले! बाप हाये माहा!"

त्यानं तिच्या मनगटाला चावा घेतला. तिनं सोडलं नाही. शेषराव फोनवर दवाखान्याची गाडी मागवत होते. गाडीला अर्धा तास होता. खाली कडूबांचं एक बोट हललं, मग तेही थांबलं.

शेखरचं बळ सरलं. तो तिच्या हातातच खाली बसला.

"काऊन धरलं मले, ताई? खाली हवा नाही, हे तुले कसं माहीत?"

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "आबा उतरत होते, तवाबी."