उजवी कूस

“कुठल्या कुशीवर झोपली?” दुकानदाराने विचारलं.

आई दचकली. लेक मात्र सहज म्हणाली, “उजव्या.”

“म्हणजे तुम्हाला डाव्या कुशीवर झोपलेली हवी.” मागच्या शेडकडे वळता वळता त्याने आईचा चेहरा पाहिला आणि हसला. “गाडीचं विचारतोय, मावशी. आम्ही पडली म्हणत नाही, झोपली म्हणतो. जी डावीकडे झोपली तिचं उजवं अंग शाबूत राहतं. तेच काढायचं आणि विकायचं.”

तो आत गेला. फळीवर पेट्रोलच्या टाक्या पालथ्या पातेल्यांसारख्या मांडल्या होत्या. सायलेन्सरच्या नळ्या सरपणासारख्या मोळी बांधून कोपऱ्यात उभ्या होत्या. लेक एका ढिगापासून दुसऱ्या ढिगापर्यंत फेऱ्या मारत होती. मध्येच एखादा आरसा उचलून पाहायची, ठेवून द्यायची.

“बस ना जरा,” आई म्हणाली.

“तू बस.”

आई स्टुलावर बसली, लगेच उठली.

लेकीची मोटरसायकल साडेसहाशे सीसीची. टाकीवर ओणवं होऊन चालवायची. रविवारी तिच्यावरूनच ती नव्या नोकरीच्या गावी जाणार होती. आणि नेमकी आठवड्यापूर्वी पार्किंगमध्ये कोणाचा तरी धक्का लागून गाडी आडवी झाली, असं तिने घरी सांगितलं होतं. ते इंजिनावरचं भलंमोठं प्लॅस्टिकचं आवरण, फेअरिंग म्हणतात त्याला, ते फुटलं, आणि पाय ठेवायचं फूटरेस्टही गेलं. नवं घ्यायचं तर महिनाभर वाट पाहावी लागणार, म्हणून हे जुनं.

“एकटी आणीन मी,” ती सकाळी म्हणाली होती.

“एवढं धूड रिक्षात कोण धरणार? रिक्षावाला?”

आठवडाभरात दोघींचं एवढंच काय ते बोलणं झालं होतं.

नोकरीची बातमी आली त्या दिवशी आई बोलून गेली होती, “जा. आईकडे पाठ फिरवायला शिकलीस म्हणजे मोठी झालीस.” दुसऱ्याच दिवशी ते गाडीचं झालं, आणि त्या रात्रीपासून लेकीने खरोखरच पाठ फिरवली. घरात पलंग एकच. भिंतीकडे लेक, अलीकडे आई, कारण भिंतीशी आईला गुदमरतं. लहानपणापासून लेक उजव्या कुशीवर झोपायची, आईकडे तोंड करून. झोपेतला तिचा श्वास आईच्या दंडावर लागायचा. आता तोंड भिंतीकडे. पाठीला काय विचारणार? अशी पाठ पाहत तिला निरोप द्यायचा नाही, एवढं मनाशी धरून आई आज सोबत आली होती. पण शब्द काही सापडत नव्हता.

दुकानदार फेअरिंग घेऊन आला. लालभडक.

“माझी काळी आहे,” लेक म्हणाली.

“रंगाचं काय घेऊन बसलात, ताई? अंग बसलं पाहिजे. धरा, बघा.”

तिने दोन्ही हात पुढे केले. उजवा अर्ध्यावरच थांबला आणि खाली आला. तिने ते एका डाव्या हातावर तोललं.

“खांदा का?” दुकानदाराने विचारलं.

“काही नाही.”

“माझीही उजवीकडेच झोपली होती. वर्ष झालं बरं होऊन, पण अजून त्या कुशीवर वळलो की जाग येते. मग रात्रभर आपलं भिंतीकडे…”

लेकीने डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं. “फूटरेस्ट आणतो,” तो म्हणाला आणि आत सटकला.

मापासाठी आणलेलं जुनं फूटरेस्ट काउंटरवर पडलं होतं. आईने ते हातात घेतलं. टोक एका बाजूने तिरकं घासून गेलं होतं, फळ्यावर खडू झिजतो तसं. नुसती आडवी झालेली वस्तू अशी झिजत नाही. फरफटत गेलेलीच झिजते.

आईने लेकीच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. आणि त्यामागोमाग, आपलीच आपल्याला लाज वाटावी, असं एकदम हलकं वाटलं: ती पाठ रागाने फिरलेली नव्हती.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“आई, इथे नको.”

“दाखवलंस का?”

“दाखवलं. हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे.” लेक फेअरिंगच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “तुला सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं.”

“बघ!”

“बघ काय? रविवारी तू जा. गाडी मागून येईल. खांदा बरा झाला की.”

लेकीने मान वर केली. गाडीवरून वाद घालायला तिने तोंड उघडलं होतं, पण मधलाच शब्द तिला आता ऐकू आला असावा. “जा?”

“जा म्हटलं ना.”

रिक्षात ते लाल धूड आईने मांडीवर उभं धरलं. त्याच्याआड लेक दिसेनाशी झाली, तेव्हा आईने ते मुद्दाम तिरकं केलं. कड गळ्याशी टोचत होती. लेक खिशातल्या किल्ल्या वाजवत होती. खड्डा आला की तिचा उजवा हात अंगाशी घट्ट व्हायचा. आता ते आईला दर वेळी दिसत होतं.

“आजपासून जागा बदलू,” आई म्हणाली. “भिंतीकडे मी झोपते. तू डाव्याच कुशीवर झोप.”

किल्ल्या थांबल्या.

“तुला तिकडे गुदमरतं.”

“गुदमरू दे.”