फाटकावरची बंदूक

साथीच्या महिन्याभरात आरोग्य केंद्राच्या फाटकावर वॉचमनकाकांनी अकरा जणांना ताप आहे म्हणून बाकावर बसवलं आणि तपासणीत अकराही जण पॉझिटिव्ह निघाले. आतली दोन यंत्रं मात्र एकाच माणसाचा ताप दोन तऱ्हेचा सांगत होती. शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः फाटकावर आल्या.

"काका, तुमची ती ताप मोजायची बंदूक आत द्या. तीच काय ती धड दिसतेय."

काकांनी दिली. बाईंनी खालचं झाकण उघडलं, तर आत सेलच नव्हते.

"पहिल्याच आठवड्यात संपले," काका म्हणाले. "तीनदा वर कळवलं. वरून हात कसे धुवावेत त्याची पोस्टरं आली."

"मग ताप कळतो कसा तुम्हाला?"

"मला कुठे कळतो? कपाळासमोर धरायची आणि गप्प उभं राहायचं. ज्याला काही नाही तो विचारतो, किती आला. ज्याला आहे तो आपणहून बोलायला लागतो."

"काहीतरीच काय. असल्या रिकाम्या डबीला कोण घाबरणार?" बाईंनी बंदूक त्यांच्या हातात कोंबली आणि आत जायला वळल्या.

आत जाणाऱ्या प्रत्येकासमोर धरतात तशी काकांनी ती त्यांच्याही कपाळासमोर धरली. बोलले काहीच नाहीत.

बाई थांबल्या. इकडेतिकडे बघितलं.

"रात्री जराशी कणकण होती," त्या हळूच म्हणाल्या. "पण गोळी घेतलीय मी."