आतला तुकडा

वासंतीच्या टेबलावर बोकडाच्या कानातला पिवळा बिल्ला ठेवून मैनाबाई उभीच राहिली. नवरा चितळाच्या शिकारीच्या आरोपावरून तीन आठवडे कोठडीत होता. "पोरीच्या बारशाले आमचाच बोकड कापला जी, मॅडम. चितळ नोहे ते."

वनरक्षकाने त्यांच्या घरून जप्त केलेल्या पातेल्यातलं मटण चितळाचं, हा रिपोर्ट प्रयोगशाळेतून वासंतीनेच दिला होता. डीएनए खोटं बोलत नाही, असं ती कोर्टातही ठासून सांगायची. तरी बाई गेल्यावर तिने फ्रीझरमधला नमुना काढला आणि या वेळी वरचा थर सोडून पार आतलं मांस तपासायला घेतलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. बोकड. निव्वळ बोकड.

तिने वनरक्षकाला फोन लावला. "मटणाचा नमुना कशाने कापला होता?"

"आपल्या सुरीनेच, मॅडम. त्याच सकाळी गाडीखाली मेलेल्या चितळाचा नमुना घेतला होता ना, तीच. पण पँटला चांगली पुसली होती मी."

शिजलेल्या मटणावर सुरीवरच्या चितळाच्या ताज्या रक्ताचा डाग, आणि वासंतीनेही पहिल्या वेळी घाईत वरवरचंच खरवडून घेतलं होतं.

"मी सुधारित रिपोर्ट पाठवते. त्याला सोडायला सांगा."

"आता कशाला, मॅडम? कबूल झाला ना तो! इतके दिवस नाहीच म्हणत होता. काल तुमचा पहिला कागद वाचून दाखवला. मग म्हणतो, 'मशीन सांगते तं मीच मारलं असल, साहेब.' आणि अंगठा दिला."