गेटचा अभिषेक

“ते डबडं काढ आणि मोटार सरळ पंपाच्या लाइनवर जोड,” भाऊ परब म्हणाले. भाऊ सोसायटीचे चेअरमन. भाऊंना वायरिंगमधलं काय कळतं, असं विचारायचं नाही. भाऊंना सगळ्यातलं कळतं.

मुलुंडच्या त्या बिल्डिंगला मोटारवालं सरकतं गेट लागत होतं. लावणारी रुचिरा, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाकाकींची सून, लायसन्सवाली वायरमन. स्वतःच्या बिल्डिंगमधलं तिचं हे पहिलंच काम.

“भाऊ, मोटारीला वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि हा स्विच लागतोच. आत पाणी शिरलं, करंट लोखंडी गेटवर आला, तर हा डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो.”

“आणि उगाच पडून लाइन बंद करत बसला तर? गाड्या काय उचलून आत न्यायच्या? गेटची पूजा झाली की आपला बाळा ते डबडं काढून टाकेल.” पंपवाला बाळा पक्कड घेऊन उभाच होता.

“मग मी मोटारही काढून नेते. माणसं चिकटायला मी गेट लावत नाही!” रुचिराला खरं तर रडू येत होतं. पण बाळासमोर रडणार कोण?

तिनं सासूकडे पाहिलं. काही उपयोग नव्हता. लग्नाला तीन वर्षं झाली, प्रेमाकाकींनी तिच्या कामाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं.

“हिची चपाती फुगत नाय, ही काय गेट चालवणार!” काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या. “आधी पूजा होऊ दे गो. मग भांडा.”

मोटारीला हार घातला. कुंकू आतल्या यंत्रालाच लागलं पाहिजे, असा काकींचा हट्ट. बाळानं लगेच झाकण उघडलं. “अरे, थांब, चालू आहे!” म्हणत रुचिरा मेन बंद करायला धावली. तेवढ्यात काकींनी नारळाच्या पाण्याचा अख्खा तांब्या मोटारीवर ओतला.

खट्. स्विच पडला.

“वाट लागली!” भाऊ ओरडले. “बघा, पहिल्याच दिवशी पडलं डबडं!”

“भाऊ, तुमचा हात कुठे आहे बघा,” रुचिरा म्हणाली.

भाऊंनी बघितलं. गेटवर स्वस्तिक काढायला निघालेलं कुंकवाचं बोट गेटपासून वीतभर लांब होतं. पायात चपला नव्हत्या. नारळपाणी पायांपर्यंत आलं होतं. भाऊंनी बोट हळूच मागे घेतलं आणि नव्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलं.

“बाळा,” ते म्हणाले, “त्या डबड्याला हात लावशील तर बघ!”

मोटार पुसून, सुकवून, पुन्हा तपासून रुचिरा घरी आली ती तणतणतच. “आई, कमाल केलीत! असं ओततात पाणी? भाऊंनी गेटला हात लावला असता म्हणजे?”

“त्यांचा हात लागायच्या आधीच ओतलं,” काकी कणीक मळत म्हणाल्या. “गेट मी धरलं होतं. डाव्या हातानं.”

रुचिरानं त्यांचा डावा हात कणकेसकट धरला. “आई! जीव गेला असता तुमचा!”

“कसा जाईल गो? ते डबडं तू बसवलं होतंस ना?”