जिन्यापाशी माठ

बँकॉकमध्ये खोली घेतल्याच्या चौथ्या दिवशी थीरीने जिन्यापाशी पाण्याचा माठ भरून ठेवला, झाकणावर पेला पालथा घातला. यांगूनला तिच्या दारात असायचा तसाच, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.

"इथं कोण पिणार गं तुझं पाणी?" घरमालकीण सोमजितमावशी फणकारली. "डास तेवढे होतील. रविवारी उचल तो."

खरंच कुणी पीत नव्हतं. रोज झाकण काढून बघावं, तर पाणी आपलं काठोकाठ.

रविवारी ती माठ रिकामा करायला वाकली. बाहेरून तो ओलाचिंब होता, खाली ओघळ आलेला. इतका पाझरणारा माठ, आणि तो ठेवला त्या दिवसानंतर तिने त्यात थेंबही घातला नव्हता. मग रोज तो भरत कोण होतं?

"उचलतेस ना?" खालून मावशी ओरडली.

"नाही मावशी," थीरी म्हणाली, "तो आता माझ्या एकटीचा नाही."