काठी

महाडच्या खाली सावित्रीच्या खाडीत नांगर टाकून होडीवरच राहणारा तो माणूस सकाळी काठी घेऊन उतरला आणि डोंगराखालच्या वाडीभर फिरला. देवळात गेला नाही, कुणाशी बोलला नाही. घरांच्या मागे जाऊन जमिनीत काठी खुपसत होता. वाडीतला सहदेव अंतर ठेवून त्याच्या मागे होता. असाच एक जण पूर्वी जागा बघून गेला आणि खालची भातशेती कुंपणात गेली, हे तो विसरला नव्हता.

दुपारी सहदेवच्या आईने त्या माणसाला चहाला बोलावलं. तो उंबरा ओलांडेना. अंगणातच बसला, तेही डोंगराकडे तोंड करून.

"जागा बघताय काय?" सहदेवने विचारलंच.

"नाय. मी पोलादपूरकडचा."

"मग घर सोडून पाण्यात कशाला राहता?"

"दरड आली तेव्हा मी जहाजावर होतो. बाकी सगळी घरात होती." कप पायरीवर ठेवून तो उठला. "तुमच्या गोठ्यामागं भेग हाय. काठी मुठीपर्यंत आत गेली."

तो होडीकडे निघाला. या वेळी सहदेव मागे गेला नाही. घाईघाईने गुरं सोडतानाही तो डोंगराकडे पाठ करायला तयार नव्हता.